बाईंचे पुढचे दोन दात

"लोकांचं पोट हातावर असतं, माझं तोंडावर आहे," असं बाई हसत हसत सांगायच्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत सगळ्यात खालच्या वर्गाला त्या बावीस वर्षं बोलणं शिकवत होत्या. वर्गात मुलं सात. बाकं अर्धगोलात मांडलेली. खिडकी मुलांच्या पाठीशी आणि बाईंच्या समोर, म्हणजे उजेड सगळा बाईंच्या चेहऱ्यावर पडायचा. आकाश भरून आलं की भिंतीवरचा दिवा त्या स्वतःकडे वळवून घ्यायच्या. ज्याला ऐकू येत नाही त्याला बोलणं दिसावं लागतं, एवढा साधा हिशोब होता.

त्या शाळेत मिशीला प्रवेश नव्हता. वरच्या वर्गावर एक गुरुजी नव्याने आले, चांगली झुबकेदार मिशी घेऊन. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं. "गुरुजी, तुमचा ओठ घरी राहिलाय, उद्या घेऊन या." बिचारे दुसऱ्या दिवशी गुळगुळीत होऊन आले. त्यांच्या बायकोने म्हणे त्यांना दारात ओळखलंच नाही.

पण बाईंचा खरा जीव होता तो दातांवर. ओठांवर प, ब आणि म ही तिन्ही भावंडं एकसारखी दिसतात, त्यासाठी मुलाचा हात गळ्यावर, नाकावर ठेवून फरक सांगावा लागतो. त, द, न यांचं मात्र वेगळं. जीभ वरच्या दातांना जाऊन टेकते, आणि ती टेकलेली दिसली तर मूल अर्धी लढाई जिंकतं. म्हणून बाई बोलताना वरचा ओठ जरा जास्तच उचलायच्या. भाजीवाल्याशीसुद्धा त्या तशाच बोलायच्या. "अगं, तो बहिरा नाहीये," असं नवऱ्याने किती वेळा सांगितलं, पण सवय ती सवय.

सात वर्षांपूर्वी शाळेतला मोठा आरसा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवताना शिपायाचा हात सटकला आणि आरशाची लोखंडी चौकट बाईंच्या तोंडावर आली. ओठ फाटला, आणि पुढच्या दोन्ही दातांचे कोपरे उडाले. बाईंनी रुमालात ते तुकडे गुंडाळले आणि थेट दातांचा दवाखाना गाठला. डॉक्टरीण तरुण होती. रंगाच्या पट्ट्यांचा एक जुडगा तिने बाईंच्या दातांशी धरला, खिडकीपाशी नेऊन उजेडात पुन्हा पाहिला, आणि दाताच्याच रंगाचं मऊ भरण थराथराने लावत, निळ्या दिव्याने टणक करत तासाभरात दोन्ही कोपरे परत उभे केले. बाईंनी आरशात निरखून पाहिलं. "यातला माझा कुठला आणि तुमचा कुठला हो?" डॉक्टरीण म्हणाली, "आता सगळाच तुमचा."

चार वर्षं तसंच चाललं. ते दात भरलेले आहेत हे बाई विसरूनही गेल्या.

मग तोंड कोरडं पडू लागलं. आधी वाटलं, बोलून बोलून होत असेल. घसा ओला करायला त्या बाटली जवळ ठेवू लागल्या, पण वाक्य संपायच्या आत जीभ टाळूला चिकटायची. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. तपासण्या झाल्या, आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की शरीर स्वतःच्याच लाळेच्या ग्रंथींवर उठलं आहे. हा आजार बरा होत नाही, सांभाळायचा असतो. "म्हणजे घरभेदीच की," बाई म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत.

लाळ गेली की तिच्यामागून काय काय जातं, हे बाईंना एकेक करून कळत गेलं. हिरड्या सुजल्या. ब्रशवर रक्त दिसू लागलं. आणि एके दिवशी वर्गात 'ह' शिकवताना त्यांनी एका मुलीचा तळवा आपल्या तोंडासमोर धरला. त्या मुलीला सगळे भुंगा म्हणायचे, कारण ती दिवसभर ओठ मिटून गुणगुण करायची आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नसायचा. बाईंनी हातावर 'हः' केलं. भुंग्याने हात तसाच ठेवला, दुसऱ्या हाताने नाक चिमटीत धरलं आणि बाईंकडे पाहून गोड हसली. तिच्या मनात काहीच नव्हतं. वास आला, तिने सांगितलं.

बाई घरी जाताना वाटेतल्या औषधांच्या दुकानातून माउथवॉशची सगळ्यात कडक बाटली घेऊन आल्या. तोंडात धरलं की डोळ्यांतून पाणी येईल असं. सकाळी, शाळेत निघताना, मधल्या सुट्टीत, वर्गाच्या आधी आणि झोपताना, असा त्यांनी चुळांचा सपाटाच लावला. नवरा म्हणाला, "आपल्या घरात आता दवाखान्याचा वास येतो." बाई म्हणाल्या, "आला तर येऊ दे. माझ्या तोंडाचा नको."

कडक चुळांनी हिरड्या काही सुधारल्या नाहीत, उलट तोंड आणखीच सुकलं. तेव्हा हिरड्यांच्या डॉक्टरांनी दुसरं, औषधी माउथवॉश दिलं. दिवसातून दोनदा, न चुकता. त्याने रक्त थांबलं, वास गेला. बाईंना हायसं वाटलं. महिनाभरातच एका सकाळी वेणी घालताना आरशात त्यांना पुढच्या दातांवर काहीतरी अडकलंय असं दिसलं. त्यांनी नखाने खरवडलं. निघेना. ब्रशने घासलं, तरी निघेना. मोडलेले कोपरे जिथे जोडले होते, बरोबर तिथे, तेवढ्याच आकाराचे दोन डाग होते. चहा सांडलेल्या कागदासारखे. चकाकीही गेली होती, जीभ फिरवली की खरखर लागायची.

डॉक्टरिणीने पाहिलं आणि ओळखलं. "बाई, माउथवॉश वापरता?"

"दोन वापरली. एक माझ्या मनाचं, एक डॉक्टरांचं."

डॉक्टरिणीने समजावून सांगितलं. हे भरण म्हणजे एक तऱ्हेचं प्लास्टिक, त्यात काचेची बारीक पूड. कडक माउथवॉशमधल्या अल्कोहोलने तो वरचा थर हळूहळू मऊ पडतो, खडबडीत होतो. मग औषधी माउथवॉश येतं. ते जंतू मारतं, पण चहाकॉफीचा, जेवणाचा रंग धरून ठेवतं, आणि खडबडीत जागा मिळाली की तिथेच घर करतं. "तुमच्या खऱ्या दातांवरही थोडं चढलंय, ते मी घासून काढते. भरणाचं मात्र सांगता येत नाही. आणि लाळ असती तर तिने बरंचसं धुऊन नेलं असतं."

"मग हे औषध बंद करू?"

"बंद केलंत तर हिरड्या?"

इकडे आड आणि तिकडे विहीर.

डॉक्टरिणीने पॉलिश केलं. बाईंनी चहा सोडला. चहा सोडणं म्हणजे काय, हे ज्याने सोडला त्यालाच माहीत. नवऱ्याने सोबत म्हणून चार दिवस सोडला आणि पाचव्या दिवशी शेजाऱ्यांकडे जाऊन पिऊन आला. तीन आठवड्यांत डाग परत आले. मग बिनअल्कोहोलचं सौम्य माउथवॉश आणलं, तर पंधरा दिवसांत उशीवर रक्ताचा ठिपका. मिठाच्या पाण्याने तोंड आणखी कोरडं. मग बाईंनी स्वतःच एक युक्ती काढली. औषध फक्त मागच्या बाजूला फिरवायचं, पुढच्या दातांना लागू द्यायचं नाही. त्यासाठी मान मागे टाकून, ओठ घट्ट दाबून त्या मोरीपाशी उभ्या राहायच्या. एकदा ठसका लागून सगळं नाकातून आलं. नवरा दारातून म्हणाला, "कोंबडीसुद्धा याहून नीट पाणी पिते गं." बाई हसायला लागल्या आणि हसता हसता तिथेच खाली बसल्या. तेव्हा तो धावत आला, आणि नंतर त्याने या गोष्टीवर विनोद केला नाही.

शेवटी कापसाचा बोळा औषधात बुडवून हिरड्यांना लावायला त्या लागल्या. पण सगळ्यात जास्त सुजायची ती नेमकी पुढच्या दातांवरचीच हिरडी.

डॉक्टरिणीने जुनं भरण काढून नवं केलं. बाई पुन्हा पहिल्यासारख्या दिसू लागल्या. चार महिन्यांनी पुन्हा डाग. दुसऱ्यांदा बदललं. पाच महिने टिकलं. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा डॉक्टरीण हातातला आरसा खाली ठेवून म्हणाली, "बाई, दर वेळी काढताना तुमचा चांगला दात थोडा थोडा जातोय. असं किती वेळा करायचं?"

"मग टोप्या बसवा. रंग न धरणाऱ्या असतात ना?"

"असतात. पण हिरडी अशी सुजलेली असताना बसवता येत नाहीत. आधी ती पूर्ण शांत व्हायला हवी."

"ती कशाने शांत होईल?"

दोघींनाही उत्तर माहीत होतं, आणि ते बाईंच्या पर्समध्ये बाटलीत होतं.

या सगळ्या काळात बाईंच्या हाताला एक खोड लागली, ती मात्र त्यांच्या लक्षात आली नाही. सुरुवात पालकसभेत झाली असावी. कोणीतरी बोलता बोलता त्यांच्या दातांकडे पाहिलं, नजर हटवली, पुन्हा पाहिलं. बाईंचा हात वर गेला. मग तो दुकानात गेला, बसमध्ये गेला, शिक्षकांच्या खोलीत गेला. चार बोटं ओठांसमोर अलगद, जशी काही जांभई येतेय. हसताना तर हमखास. आणि हात खडूत गुंतलेला असला की वरचा ओठ खाली ओढला जायचा, दातांवर पडदा पडायचा. बावीस वर्षं जो ओठ उचलला होता, तो सहा महिन्यांत खाली आला.

वर्गात मात्र आपण नेहमीसारख्याच शिकवतो, अशी बाईंची खात्री होती. कोणी विचारलं असतं तर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं असतं.

भुंग्याची आई एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. दुपारी मुलीला न्यायला आली की दोन मिनिटं दाराशी उभी राहून आज काय शिकवलं ते विचारायची आणि घरी तसंच करून घ्यायची. अशी आई मिळणं म्हणजे बाईंच्या मते अर्धी शाळा. एक दिवस ती जरा घुटमळली.

"बाई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा की."

"हिने बोलताना तोंडापुढे हात का धरायचा असतो? मला दिसत नाही हो ती काय म्हणते ते. मी हात काढायला गेले तर चिडते. खुणेने सांगते, असंच असतं. बाईंचं असंच असतं."

बाईंना पहिल्यांदा नीट कळलंच नाही. "हात? कसा हात?"

आईने करून दाखवलं. चार बोटं, ओठांसमोर, अलगद.

बाईंनी ती बोटं ओळखली. आई मात्र मनापासून विचारत होती. ही एखादी नवी पद्धत असेल, आपल्यालाही शिकून घ्यावी लागेल, असंच तिच्या चेहऱ्यावर होतं. "तसं काही नाही," एवढंच बाई कशाबशा म्हणाल्या. "मी बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला हात तोंडाशी जाऊ दिला नाही आणि सातही मुलांना एकेक करून बोलायला लावलं. चित्र दाखवायचं, शब्द म्हणायचा. पहिल्या मुलाने पंख्याचं चित्र पाहिलं, हात तोंडाशी नेला आणि बोलला. दुसऱ्यानेही तसंच. तिसरीने हात नेला नाही, पण वरचा ओठ खाली ओढून दात झाकले आणि आतल्या आत काहीतरी पुटपुटली. चौथा, पाचवा, सहावा, सगळ्यांचं तेच. या मुलांनी बोलणं कधी ऐकलं नव्हतं, फक्त पाहिलं होतं. त्यांच्या दृष्टीने ओठांसमोरची ती चार बोटं म्हणजे बोलण्याचाच एक भाग होता. बाईंनी शिकवलं, त्यांनी घेतलं. चोख घेतलं.

भुंगा शेवटची. बाईंनी तिच्या मोठ्या भावाचा फोटो पुढे केला. गेल्या वर्षी ती 'दादा' म्हणायची, लखलखीत, दोन्ही वेळा जीभ दातांना टेकवून. त्या दिवशी बाईंनी तिला उचलून शाळाभर फिरवलं होतं. आज तिने फोटो पाहिला, खुदकन हसली, हात वर नेला आणि त्याच्याआडून म्हणाली, "आआ."

बाईंनी तिचा हात हळूच खाली केला. तिने तो पुन्हा वर नेला. दोनतीनदा असं झालं. मग ती बाईंकडे अशी बघू लागली, की आता तुमचं काय बिनसलंय?

मधल्या सुट्टीत बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, बाईंहून पाच वर्षांनी मोठ्या, एकेकाळी शेजारच्याच वर्गावर शिकवणाऱ्या. बाईंनी सगळं सांगितलं. दात, औषध, हात, मुलं. सांगताना त्यांचा हात वर गेला. दोघींनीही तो पाहिला.

"मला दिसत होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोन महिन्यांपासून दिसत होतं. तुमचा आजार माहीत होता, मग बोलणार कशी? आज बोलेन, उद्या बोलेन करत राहिले."

"बोलायला हवं होतं हो," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागवायला समोर कोणी आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं.

डॉक्टरिणीला गळ घालून त्यांनी तिसऱ्यांदा भरण बदलून घेतलं. "चार महिने द्या मला," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांत मी मुलांचं निस्तरते." डॉक्टरिणीने मान हलवली, केलं. दात स्वच्छ, पांढरे, देखणे झाले. त्याच संध्याकाळी बाई घरच्या आरशासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "दादा."

ओठ उचलला गेला नाही.

त्यांनी बोटाने ओठ वर धरला आणि म्हटलं. बोट काढलं, पुन्हा म्हटलं. ओठ आपला अर्ध्यावर. दात पांढरे होते हे त्यांना माहीत होतं, ओठाला ते कसं सांगायचं? दुसऱ्यांच्या मुलांचे हट्टी ओठ त्यांनी गालात बोट घालून, पिसं फुंकायला लावून, आरशात वाकुल्या दाखवून वळवले होते. त्या सगळ्या युक्त्या त्यांनी स्वतःवर केल्या. नवरा पिसाच्या पलीकडे बसून फुंकर मोजायचा. दोघं रोज अर्धा तास बसायचे. घरी जमायचं. सकाळी वर्गात सात तोंडं त्यांच्याकडे वळली, की ओठ खाली.

सहाव्या आठवड्यात दातांच्या कडेला पुन्हा पिवळी रेघ दिसली. बाईंनी ती कोणाला दाखवली नाही. त्या सरळ मोठ्या बाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माझा वर्ग काढून घ्या."

मोठ्या बाईंनी थोडं अडवलं, पण थोडंच. वरच्या वर्गावरच्या बिनमिशीच्या गुरुजींकडे तो वर्ग गेला. पहिले काही दिवस बाई मागे बसून बघत होत्या. गुरुजी हात पाठीशी बांधून, ओठ उंच उचलून बोलत. ते बाईंकडूनच शिकले होते. मुलांचे हात हळूहळू खाली येऊ लागले. भुंग्याचा सगळ्यात उशिरा आला. बाईंनी ते पाहिलं, आणि मग मागे बसणं बंद केलं.

त्यांना ऐकण्याच्या तपासणीची खोली दिली. शाळेच्या टोकाला, जाड भिंतींची, बिनखिडकीची. तिथे दर काही महिन्यांनी प्रत्येक मुलाला आणायचं. कानात यंत्र, समोर दहा चित्रं. आपण शब्द म्हणायचा, मुलाने चित्रावर बोट ठेवायचं. नियम एकच, ओठ दिसता कामा नयेत, नाहीतर मूल ऐकतंय की बघतंय ते कळणार कसं? त्यासाठी भरतकामाच्या गोल चौकटीवर ताणलेलं पातळ काळं कापड तोंडासमोर धरायचं. त्यातून आवाज जातो, ओठ दिसत नाहीत.

पहिल्याच मुलाच्या वेळी बाईंच्या ध्यानात आलं. कापड तोंडासमोर आलं आणि ओठ उचलला गेला. आपोआप, पहिल्यासारखा. जीभ दातांना टेकली, त आणि द सुटे सुटे, स्वच्छ. बावीस वर्षांत निघाले नसतील इतके सुंदर शब्द त्या कापडाआड निघत होते.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीला भुंगा आली. बाईंना पाहून तिने येऊन गळ्याला मिठी मारली, मग खुर्चीत नीट बसली. यंत्र लावूनही तिला फारसं ऐकू यायचं नाही, ते कागदावर आधीपासूनच होतं. बाईंनी पहिला शब्द म्हटला. तिने उगीचच छत्रीवर बोट ठेवलं. दुसरा शब्द, तर बुटावर. ती अंदाज करत होती आणि ती अंदाज करते आहे हे बाईंना कळत होतं. कापड बाजूला केलं असतं तर तिने दहाच्या दहा चित्रं दाखवली असती. चौथ्या शब्दाला ती खुर्चीत एका बाजूला झुकली, चौकटीच्या कडेने बाईंचं तोंड दिसतंय का पाहायला. बाईंनी चौकट त्या बाजूला सरकवली. ती दुसऱ्या बाजूला झुकली. बाईंनी चौकट तिकडे नेली. तिला हा खेळ वाटला, ती मोठ्याने हसली आणि आणखी वाकली. बाईंनी कापड तिच्या डोळ्यांसमोर धरून ठेवलं आणि पाचवा शब्द म्हटला.